पेढीवरची मनी

मांजर माणसाच्या घरी आले ते धान्याच्या वाटेने. माणूस शेती करू लागला, पिकलेले धान्य साठवू लागला, त्या साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाशेजारी मांजराचेही दफन केलेले संशोधकांना आढळले. ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मांजर मूळचे नव्हते. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून मुद्दाम नेले असले पाहिजे. मांजराशी सर्वांत जुने नाते कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर धान्याची राखण करणाऱ्याचे असे उत्तर द्यावे लागेल.

राहुरीच्या पेठेत हे नाते आजही दिसते. मुळा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले. धरणाच्या पाण्यामुळे आसपास ऊस वाढला, साखर कारखाना आला, १९६८ मध्ये कृषी विद्यापीठ आले. पण पेठेचा कणा राहिला तो भुसार, किराणा आणि कापडाच्या दुकानांचा. सकाळी दुकान उघडले की पोत्यांच्या थप्पीमागून आळोखेपिळोखे देत मनी बाहेर येते. शेठजींच्या आधी गादीवर ती बसलेली असते. रोजमेळ उघडला की तिला नेमके त्याच पानावर आडवे व्हायचे असते. सुतळीचे रीळ सुटले की तिची पिल्ले त्यामागे धावतात, पुड्या बांधायच्या कागदात लपतात, तागडीच्या पारड्यात जाऊन बसतात. उधारीची वसुली न झाल्याने कपाळाला आठ्या घालून बसलेला माणूसही ते पाहून हसतो.

परंतु या हसण्यामागे एक अवघड प्रश्न दडलेला असतो आणि जैन घरात तो अधिकच टोचतो. मांजर पंचेंद्रिय जीव, तसाच उंदीरही पंचेंद्रिय. एकाला दूध पाजायचे आणि त्याने दुसऱ्याचा जीव घेतला की दुकानाचा माल वाचला म्हणून समाधान मानायचे, हे कितपत योग्य? आजीने मनीला घासभर पोळी घालावी की हाकलावे? नातवंडांनी मांजर हवे म्हणून हट्ट धरला तर काय सांगावे? मनीने माळ्यावर चार पिल्ले घातली तर त्यांचे काय करावे? हे प्रश्न दिसायला लहान आहेत. परंतु रोजच्या जगण्यातील अहिंसेची कसोटी अशाच लहान प्रश्नांत लागते.

शास्त्राने मांजराविषयी काय म्हटले?

श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय ‘कर्मादान’ म्हणून सांगितले आहेत. त्यातील पंधरावा ‘असतीपोषण’. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ देताना मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजराचेही नाव घेतले आहे. एवढेच ऐकून काही घरांत ‘मांजर पाळणे निषिद्धच’ असे मानले जाते. परंतु त्या व्याख्येत एक महत्त्वाची अट आहे. हे पोषण धनासाठी केलेले असावे लागते. निषेध आहे तो प्राण्याच्या वृत्तीवर किंवा देहावर आपला नफा उभारण्याचा. दाराशी आलेल्या भुकेल्या जिवाला घास घालणे त्यात बसत नाही. ती अनुकंपा होय.

आपल्या समाजाच्या संस्थांतही या प्रश्नाची दोन रूपे पाहायला मिळतात. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना ठेवून घेतात. शिकारी पक्ष्यांवर मात्र बाह्यरुग्ण म्हणून उपचार करून त्यांना परत पाठवण्याची प्रथा आहे. संकोच आहे, पण नकार नाही. दुसरे उदाहरण मुंबईचे. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला आणि त्यानंतर १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा ऊर्फ मोतीचंद अमीचंद ही त्या कार्यातील प्रमुख नावे. कुत्रा मांस खातो म्हणून तो मेला तरी चालेल, असे त्या व्यापाऱ्यांना वाटले नाही.

या दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या तर गृहस्थाला एक सरळ नियम करता येतो. मांजर लाभासाठी किंवा हौसेसाठी आणू नये. पण आपल्या आसऱ्याला आलेल्या मांजराला टाकूही नये. पुढील सर्व गोष्टी या एका नियमातून निघतात.

मनी ही राखणदार नव्हे

‘उंदरांसाठी मांजर ठेवले आहे’ हे वाक्य पेठेत सहज ऐकू येते. धर्माची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी हा व्यवहार फारसा फायद्याचा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी मोठ्या उंदरांच्या वस्तीवर कॅमेरे लावून ठेवले होते. ७९ दिवसांत मांजरांनी फक्त दोन उंदीर मारलेले दिसले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरे आसपास असली की उंदीर आडोसा सोडत नाहीत, एवढाच परिणाम होतो. उंदीर दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे आपण समजतो. लहान चिचुंद्रीएवढ्या प्राण्यावर झडप घालणारी मनी पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही.

माल वाचवायचा तर वखारीची शिस्त हाच खरा उपाय. बँकांकडे तारण असलेल्या गोदामांची तपासणी होते तेव्हा याच गोष्टी पाहिल्या जातात. पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत. थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून लावावी, म्हणजे मागून झाडता येते आणि उंदराला आडोसा मिळत नाही. दाराच्या तळाशी पत्रा ठोकावा. गटाराच्या तोंडाला जाळी बसवावी. लहान उंदराला करंगळीपेक्षाही अरुंद फट पुरते, म्हणून भिंतीतील भोके सिमेंटने बुजवावीत. सांडलेले धान्य रोज संध्याकाळी झाडून घ्यावे. यात कोणाचाही जीव जात नाही आणि खर्च एकदाच करावा लागतो.

उलट विषारी गोळ्यांचा मार्ग दुहेरी घात करतो. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराच्या हाती सहज लागतो आणि ते विष तिच्याही पोटात जाते. चिकट पुठ्ठ्याच्या सापळ्यात उंदीर तासन्‌तास तडफडतो; कित्येकदा तेथे पाल, चिमणी, प्रसंगी मांजराचे पिल्लूही अडकते. वर्षभर जीवदयेच्या पेटीत पैसे टाकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत असा पुठ्ठा पडलेला असणे शोभत नाही.

खेळ आणि शिकार

मांजराचे पिल्लू चार आठवड्यांचे झाले की भावंडांशी झोंबू लागते. पुढे दोरी, पान, कागदाचा बोळा, सावली, स्वतःची शेपटी, जे हलेल त्यावर ते झडप घालते. हा खेळ म्हणजे शिकारीचा सराव असतो. दबा धरणे, नेम धरणे, उडी, पंजा, चावा हा क्रम तोच. म्हणूनच पोट भरलेले मांजरही शिकार करते. भूक आणि शिकार या तिच्या ठायी दोन वेगळ्या प्रेरणा आहेत. ‘भरपेट दूध दिले, तरी हिने चिमणी धरलीच’ अशी तक्रार करणाऱ्या गृहिणीने ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

मग उपाय काय? इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतील ३५५ मांजरांवर बारा आठवडे एक पाहणी केली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांत मांजराशी रोज पाच-दहा मिनिटे खेळ खेळला गेला, तेथे मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटले. मांसातील प्रथिने अधिक असलेले, धान्यविरहित खाद्य दिल्यावर ते ३६ टक्क्यांनी घटले. गळ्यातील घंटेचा मात्र म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर उंदरांची सभा आजवर खोळंबून राहिली. आता कळते की बांधली असती तरी फारसा उपयोग झाला नसता.

या निष्कर्षातील पहिला भाग प्रत्येक जैन घराला आचरता येण्यासारखा आहे. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. काठीला जाड दोरी, दोरीच्या टोकाला कापडाची चिंधी एवढे पुरते. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत नेमका त्या वेळी थोडा निवांतपणा असतो. मुलांनी हातातील मोबाइल दहा मिनिटे बाजूला ठेवावा आणि चिंधी जमिनीवरून सरपटत न्यावी, पोत्याआड लपवावी, पुन्हा काढावी. शेवटी मांजराला ती धरू द्यावी, म्हणजे तिचे समाधान होते. आणि लगेच तिचे अन्न द्यावे. खेळ, मग जेवण, मग झोप हा क्रम तिच्या स्वभावाला धरून आहे. अशा दहा मिनिटांनी एखाद्या चिमणीचा, खारीचा जीव वाचत असेल, तर त्या खेळाला जीवदयेचेच काम म्हणावयास हवे.

दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्यात. पेढीवरची बारीक सुतळी, शिवणाचा दोरा, राखीचा रेशमी धागा पिल्लांच्या हाती देऊ नये. मांजराची जीभ काटेरी असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकता येत नाही. तो आतड्यात अडकला तर आतडे गोळा होऊन जीवावर बेतते. खेळ संपला की काठी-दोरी कपाटात ठेवून द्यावी. दुसरी गोष्ट पक्ष्यांच्या दाण्यापाण्याची. उन्हाळ्यात आपण गच्चीवर पाण्याचे परळ ठेवतो, ज्वारी-बाजरी टाकतो. त्याच गच्चीवर कुंड्यांच्या आड मनी दबा धरून बसत असेल, तर आपल्या दानाचा सापळा होतो. दाणे उंचावर, जेथून चारही बाजूंचे दिसेल आणि मांजराला लपण्यास जागा नसेल अशा ठिकाणी ठेवावेत.

दूध-पोळीचा गैरसमज

मांजर म्हटले की दुधाची वाटी डोळ्यांसमोर येते. पिल्लू आईचे दूध पचवते. परंतु मोठे झाल्यावर बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातील साखर पचवणारे द्रव्य कमी होते. वाटीभर दुधाने ढाळ लागतात आणि घर घाण केले म्हणून तीच मार खाते. घोटभर दूध चालते. तेच तिचे जेवण समजणे चुकीचे. तिच्यासाठी स्वच्छ पाण्याचे भांडे कायम भरलेले असावे.

कुत्रा भाकरी-वरणावर बऱ्यापैकी निभावतो. मांजराची शरीररचना तशी नाही. ‘टॉरिन’ नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतोच. त्याच्या दीर्घ अभावाने मांजर आंधळे होऊ शकते, हृदय दुबळे होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हृदयविकाराशी असलेला हा संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. बाजारातील बहुतेक खाद्यांत मासळी किंवा कोंबडी असते. कृत्रिम टॉरिन मिसळलेली वनस्पतिजन्य खाद्येही निघाली आहेत. परंतु ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि वेळोवेळी तपासणी करूनच द्यावीत. घरच्या घरी केलेला वरण-भात त्यांची जागा घेऊ शकत नाही.

येथे जैन घराची खरी कोंडी होते आणि ती लपवून उपयोग नाही. पेठेतील मोकळी मनी आपले उरलेले अन्न बाहेर मिळवते. परंतु चार भिंतींत कोंडलेले मांजर सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असते. ज्या घराला मांजराच्या प्रकृतीला लागणारे अन्न उंबरठ्याच्या आत आणता येत नाही, त्या घराने मांजर कोंडून पाळण्याचा हट्ट धरू नये. आपल्या व्रताचे मोल दुसऱ्या जिवाने आपल्या डोळ्यांनी आणि हृदयाने चुकवावे, हे व्रताला साजेसे नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. आपण अन्न दिले खरे, पण ते त्याला जगवू शकणारे अन्न नव्हते, तर तेही शेवटच्या अतिचाराच्या जवळच जाते.

एक दिलासा मात्र आहे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. शिजवलेला असला तरी कांदा बाधतो. ज्या स्वयंपाकघरात कंदमुळे वर्ज्य आहेत, तेथे ही भीती आपोआप टळते.

याच कारणासाठी दुकानातून पर्शियन मांजर विकत आणण्याची जी नवी हौस व्यापारी कुटुंबांतही शिरू लागली आहे, तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. वाढदिवसाची भेट म्हणून आणलेल्या त्या चपट्या नाकाच्या मांजराला श्वास घ्यायला त्रास होतो, डोळे सतत पाझरतात, लांब केस रोज विंचरावे लागतात आणि आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही. त्याच्या आईला केवळ विक्रीसाठी पुनःपुन्हा व्यायला लावलेले असण्याचा संभव असतो. धनासाठी केलेले पोषण म्हणतात ते हेच. आणि विकत घेणारा त्या व्यवहारातील दुसरा पक्ष असतो.

चक्रवाढीचा हिशेब

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे यावे. मनी माळ्यावर व्याली, पिल्ले दीड महिना घरभर बागडली, मुलांनी त्यांना नावे ठेवली. मग एके दिवशी घरातील मोठी माणसे पिल्ले गोणीत घालून बाजारतळावर, नदीकाठी किंवा नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला सोडून येतात. ‘मारले तर नाही, नुसते सोडले’ असे सांगून मनाचे समाधान केले जाते. ज्या पिल्लाला अजून धड शिकार येत नाही, त्याला रहदारीच्या रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याचा मृत्यू फक्त आपल्या नजरेआड करणे होय. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, प्राण्याला भूक-तहानेने यातना होतील अशा अवस्थेत टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. दंड चहा-नाश्त्याच्या बिलाएवढा आहे म्हणून कृत्य हलके ठरत नाही.

व्यापाऱ्याला चक्रवाढ व्याज समजावून सांगावे लागत नाही. मांजरीचा गर्भकाळ नऊ आठवड्यांचा. पाच-सहा महिन्यांची भाटी माजावर येऊ शकते. समजा, एक भाटी वर्षातून दोनदा व्याली आणि प्रत्येक वेळी चार पिल्ले झाली, त्यात निम्म्या माद्या, आणि त्या पुढील वर्षापासून व्यायला लागल्या. पहिल्या वर्षअखेर आठ पिल्ले. दुसऱ्या वर्षी पाच माद्यांची ४० पिल्ले. तिसऱ्या वर्षी २५ माद्यांची २०० पिल्ले. मूळ मनी धरून एकूण २४९ मांजरे. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात राहुरीच्या कुठल्याही आळीत एका मनीची २४९ मांजरे कोणी पाहिलेली नाहीत. मग बाकीची गेली कोठे? ती वाहनांखाली गेली, कुत्र्यांच्या तोंडी गेली, भुकेने, तापाने, पावसात भिजून गेली. आपल्या खतावणीत ज्याची नोंदच होत नाही असे हे बुडीत खाते आहे.

हे खाते बंद करण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की पशुवैद्यक भूल देऊन ती करतात; बोक्याची शस्त्रक्रिया याहून साधी असते आणि त्यानंतर त्याचे भांडण, भटकणे, जागोजाग मूत्र सोडणे बरेच कमी होते. येथे काही श्रावक-श्राविका शंका घेतात: हा छविच्छेद नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे. परंतु जुन्या टीकाकारांनी या अतिचारात भेद केलेला आहे. निर्दयपणे हात-पाय-कान कापणे हा दोष. गळू किंवा गाठ बरी व्हावी म्हणून कापणे किंवा डागणे हे सापेक्ष, म्हणजे त्या जिवाची कदर राखून केलेले. नसबंदी नेमकी कोठे बसते याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. मात्र विचारताना प्रश्न पुरता मांडावा. एका बाजूला भुलीखालची एक लहानशी शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या बाजूला दर वर्षी गोणीत भरली जाणारी आठ पिल्ले, अशी दोन्ही पारडी समोर ठेवावीत. एकच पारडे दाखवून तोल पाहता येत नाही.

जी पिल्ले झालीच आहेत त्यांना निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. त्यानंतर ज्यांना खरोखर हवे आहे अशा ओळखीच्या घरी द्यावे, आणि देताना लसीची व शस्त्रक्रियेची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवून घ्यावे. मुलीचे स्थळ पाहताना जेवढी चौकशी करतो त्याच्या दहावा हिस्सा केली तरी पुष्कळ.

उसातील पिल्लू

राहुरीच्या घरांसाठी एक सूचना वेगळी करावी लागेल. गळीत हंगामात ऊसतोड चालू असताना फडात मांजरासारखी पिल्ले सापडतात आणि कोणीतरी दयेपोटी ती गावात आणून देतो. ती नेहमी मांजराचीच असतात असे नाही. उसात रानमांजर राहते, वाघाटी ही ठिपकेदार चिमुकली रानमांजरीही व्यायला येते, आणि बिबट्याची मादीही. वाघाची मावशी समजून आणलेले पिल्लू खुद्द बिबट्याचे निघाल्याच्या घटना नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात घडलेल्या आहेत. आई बहुधा जवळपास असते आणि रात्री परत येते. माणसांनी पिल्लू उचलून नेले की त्याची व आईची ताटातूट होते आणि बिथरलेल्या मादीपासून वस्तीला धोका संभवतो. म्हणून असे पिल्लू जागचे न हलवता वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. आई-पिल्लांची भेट घडवून आणण्याचे काम वन कर्मचारी अनेकदा यशस्वीपणे करतात. वन्य प्राण्याचे पिल्लू घरात ठेवणे कायद्यानेही गुन्हा आहे.

आरोग्याचे चार शब्द

मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडून रक्त काढल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो बहुधा प्राण घेतोच. हळद, चुना, तिखट लावत बसू नये. घरी वावरणाऱ्या मांजराला तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे ती चालू ठेवावी. घरात सून गर्भवती असेल तर मांजर हाकलण्याची गरज नसते. मात्र मांजराची विष्ठा तिने काढू नये, दुसऱ्या कोणीतरी ती रोजच्या रोज काढावी. विष्ठेतील ज्या सूक्ष्म जंतूची भीती असते तो बाधक व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजची सफाई हेच मोठे संरक्षण. आणि मांजराला ताप आला म्हणून आपल्या डब्यातील पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. मांजराच्या शरीराला ती पचत नाही. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

आडवे गेलेले मांजर

राहता राहिला प्रश्न मांजर आडवे जाण्याचा. खरेदीला निघालेला व्यापारी मनी रस्ता ओलांडताना दिसली की दोन मिनिटे थबकतो. कर्मसिद्धांत मानणाऱ्याने आपल्या नफ्या-तोट्याचा भार एका भुकेल्या प्राण्याच्या चार पावलांवर टाकावा, हे तर्काला धरून नाही. ती बिचारी पिल्लांकडे निघालेली असते. थबकायचेच असेल तर मागून येणाऱ्या ट्रकखाली ती जाऊ नये म्हणून थबकावे.

प्रत्येक संघात जीवदयेचा निधी असतो आणि तो बहुधा गोशाळा-पांजरपोळीकडे जातो. ते उचितच आहे. त्यातील लहानसा वाटा गावातील मांजरांच्या नसबंदीसाठी आणि लसींसाठी वेगळा काढला, पर्युषणाच्या आधी एखाद्या पशुवैद्यकाशी बोलून शिबिराचा दिवस ठरवला आणि पेठेतील प्रत्येक दुकानाने आपल्या पोत्यांआड राहणारी मांजरे त्या दिवशी टोपलीत घालून आणली, तर दोन-तीन वर्षांत फरक दिसू लागेल. गोणी फक्त धान्यासाठी वापरली जाईल. मनी मात्र तशीच सकाळी गादीवर बसलेली असेल, आणि रोजमेळ उघडला की त्याच पानावर आडवी होईल. तिला अलगद उचलून बाजूला ठेवावे आणि हिशेब पुढे लिहावा.